गाठ नव्हे, आतला वण

पुरुषाच्या छातीतील स्तनग्रंथी वाढण्याला वैद्यकात गायनेकोमास्टिया म्हणतात. ही वाढलेली ग्रंथी काढून टाकल्यावर तीन-चार आठवड्यांनी बरेच रुग्ण धास्तावून डॉक्टरांकडे परत येतात. टाके निघालेले असतात, सूज ओसरू लागलेली असते आणि नेमकी त्याच सुमारास स्तनाग्रामागे बोटाला एक टणक चकती लागते. ग्रंथी पुन्हा वाढली, असा समज होतो. बहुतेकदा तसे नसते. जखम आतून भरत असते, आणि भरणारी जखम हाताला कडकच लागते.

अशी शस्त्रक्रिया नवी नाही. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉलस एजिनेटा याने स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन ती करण्याची रीत लिहून ठेवली आहे. १९४६ साली वेबस्टर या शल्यचिकित्सकाने स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोलाकार छेद घेण्याची पद्धत मांडली. रंग बदलतो त्या रेषेवर वण पडल्याने तो सहसा डोळ्यांत भरत नाही. पुढे लायपोसक्शनची जोड मिळाली आणि आसपासची चरबी बारीक नळीने ओढून घेता येऊ लागली. त्यामुळे बाहेरचा वण आणखी लहान झाला, आतली जखम मात्र तेवढीच राहिली. कातडीवर दिसते ती बोटाच्या पेराएवढी रेघ, पण कातडी आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये तळहाताएवढा भाग सुटा झालेला असतो. वण मऊ व्हावा म्हणून शस्त्रक्रियेनंतर जी मालिश सांगितली जाते, तिचा खरा संबंध या न दिसणाऱ्या जखमेशी आहे.

सुटा झालेला हा भाग शरीर आधी रक्ताच्या गुठळीने आणि द्रवाने भरते. मग तिथे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. पहिली वीण घाईची, जमेल तिकडे धागे टाकलेली असते. तिच्यात तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे कोवळे कोलॅजेन अधिक असते. पुढच्या महिन्यांत ते मोडून त्याजागी पहिल्या प्रकारचे, मजबूत कोलॅजेन बसवले जाते आणि धागे ताणाच्या दिशेने लागत जातात. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम २० ते ३० टक्के असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचते आणि पुढे फारशी वाढत नाही. पुनर्रचना मात्र वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालू राहते.

यातल्या काही फायब्रोब्लास्ट पेशी स्नायूंसारख्या आकसतात. जिनिव्हातील ज्युलिओ गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली त्या ओळखल्या; त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखमेची तोंडे जवळ आणणे हे त्यांचे काम. पण कातडी आणि स्नायू यांच्यामध्येही त्या हाच उद्योग करतात आणि कातडी खाली चिकटू लागते. आरशासमोर उभे राहून हात डोक्यावर नेला की स्तनाग्र आत ओढले जाते, बाजूला खळी पडते, ते या चिकटण्यामुळे. अर्थात प्रत्येक खळगा वणाचा नसतो. स्तनाग्रामागची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काढली गेली तर बशीसारखा खोलगटपणा उरतो, आणि तो कितीही मालिश केली तरी भरत नाही.

मालिश कधी सुरू करायची, हा प्रश्न कशी करायची याइतकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवसांत आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तेव्हा दाबाचे घट्ट बनियन हाच उपचार. छेद पूर्ण मिटला, खपली आपोआप गळाली आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिला, की साधारण दोन ते चार आठवड्यांनी सुरुवात होते. तीसुद्धा हलक्या हाताने.

मालिश म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ते तेल जिरेपर्यंत चोळणे. इथे चोळणे उपयोगाचे नाही. त्याने वरची नाजूक कातडीच सोलवटते. दोन बोटांची पेरे वणावर टेकवायची, कातडी किंचित फिकी पडेल इतका दाब द्यायचा आणि बोटे न घसरू देता कातडीच खालच्या थरावर सरकवायची: वर-खाली, आडवी, मग लहान गोलांत. पुढे वण पक्का झाला की कातडी चिमटीत धरून हलकेच उचलता येते. दिवसातून दोनदा दहा मिनिटे, हे प्रमाण सर्रास सांगितले जाते. दुखणे वाढले किंवा लाली तासन्‌तास टिकली, तर हात जड पडतो आहे. जास्त ताणाने तर मायोफायब्रोब्लास्ट उलट चेकाळतात आणि वण जाड होतो.

या सगळ्याला पुरावा किती, याचे उत्तर थोडे निराश करणारे आहे. वणांवरील मालिशविषयीच्या अभ्यासांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण रुग्ण होते १४४ आणि पद्धतींचा एकमेकींशी मेळ नव्हता. शस्त्रक्रियेच्या ३० वणांपैकी २७ सुधारल्याची नोंद त्यात आहे. पण वण काळानुसार आपणहून मऊ होतात, त्यामुळे श्रेय मालिशला किती आणि दिवसांना किती, हे त्यावरून ठरत नाही. खाज आणि ओढल्यासारखे वाटणे कमी होते, बधिर कातडीला स्पर्शाची सवय होते, एवढे मात्र अनेक रुग्ण सांगतात.

तेल कोणते, यावर अकारण खल होतो. तेलाचे काम बोट आणि कातडी यांच्यातले घर्षण कमी करण्याचे. साधी पेट्रोलियम जेली किंवा सुगंध नसलेले मलम पुरते. लोकांचा भरवसा असलेल्या ई जीवनसत्त्वाने १९९९ च्या एका छोट्या अभ्यासात वण सुधारला नाही, उलट सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कातडीला त्याची रिॲक्शन आली. बाहेरच्या रेघेसाठी सिलिकॉनची पट्टी अधिक भरवशाची मानली जाते. उघड्या छातीने उन्हात फिरल्यास ताजा वण काळवंडतो, सावळ्या कातडीवर तर हमखास.

प्रत्येक गाठीवर मालिश चालत नाही. बोटाने दाबल्यावर पाण्याची पिशवी हलावी तसे लागले तर आत द्रव साचला आहे. तो सुईने काढावा लागतो. जागा गरम, लाल आणि ठणकणारी असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. वण मूळ रेघ ओलांडून खेकड्याच्या नांगीसारखा पसरू लागला तर तो केलॉइड. छातीचा मधला भाग आणि खांदे या त्याच्या आवडत्या जागा. केलॉइडवर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने लागतात.

साध्या वणाची चकती तीन ते सहा महिन्यांत मऊ होत जाते. त्यानंतरही ती तशीच राहिली किंवा वाढू लागली, तर मागे ग्रंथीचा तुकडा उरला आहे का ते सोनोग्राफीत पाहतात. तो सापडला तरी दुसरी शस्त्रक्रिया सहसा सहा महिने ते वर्षभर पुढे ढकलतात. कडक वणात पुन्हा छेद घेतला तर ग्रंथी कुठे संपते आणि वण कुठे सुरू होतो, हे ओळखणे अवघड जाते.