अफवेचा ताप चढतो तेव्हा

ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे आम्ही डॉक्टर मंडळी रोज सांगत असतो. कारण कळेपर्यंत मनाने वाटेल ती गोळी घेऊ नका, असेही सांगतो. पण रुग्णाला ते मधले एक-दोन दिवस सोसवत नाहीत. शेजाऱ्याने सांगितलेली गोळी तो घेऊन मोकळा होतो आणि मग मूळ दुखणे बाजूला राहून गोळीचेच दुखणे निस्तरावे लागते.

एखाद्या गावात निष्पाप माणसांवर भीषण हल्ला झाला की साऱ्या गावाची अशीच अवस्था होते. काय घडले ते कळलेले असते. कोणी व का केले ते कळलेले नसते. ती रिकामी जागा भरायला अफवा धावून येते. ‘हा विषय पोलिसांचा, आरोग्याच्या सदरात कशाला?’ असे काही वाचक विचारतील. कारण असे की, अफवा आधी शरीरात शिरते आणि मग रस्त्यावर उतरते.

साउथपोर्टमध्ये काय झाले?

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लिव्हरपूलपासून जवळच साउथपोर्ट हे समुद्रकाठचे शांत गाव आहे. २९ जुलै २०२४ रोजी तेथे सुट्टीतल्या लहान मुलींचा नाचाचा वर्ग चालू होता. सतरा वर्षांचा एक मुलगा सुरा घेऊन आत शिरला. सहा, सात व नऊ वर्षांच्या तीन मुलींचा बळी गेला. आणखी आठ मुले व दोन मोठी माणसे जखमी झाली.

आरोपी अठरा वर्षांखालचा, म्हणून कायद्यानुसार त्याचे नाव जाहीर झाले नाही. तो ब्रिटनमध्येच, वेल्समधील कार्डिफ शहरात जन्मला आहे, एवढे पोलिसांनी त्याच दिवशी सांगितले. पण तोवर मोबाईलवरून एक मुसलमानी वळणाचे नाव फिरू लागले होते. हा आदल्या वर्षी होडीतून आलेला आश्रित आहे, अशी जोडही त्याला मिळाली. नाव बनावट होते. तसा माणूसच नव्हता. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी ते नाव खोटे असल्याचे सांगितले, पण तोपर्यंत लाखो लोकांनी ते वाचले होते.

३० जुलैच्या संध्याकाळी गावकरी मुलींना श्रद्धांजली वाहण्यासाठी जमले होते. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका जमावाने गावातल्या मशिदीवर विटा फेकल्या आणि पोलिसांची गाडी जाळली. पन्नासहून अधिक पोलीस जखमी झाले. पुढे आठवडाभर इंग्लंडच्या अनेक शहरांत व बेलफास्टमध्ये दंगली झाल्या.

आता तारखा नीट पाहा. १ ऑगस्ट रोजी न्यायाधीशांनी आरोपीचे खरे नाव जाहीर करण्यास परवानगी दिली. आई-वडील रवांडातून आलेले, मुलगा कार्डिफचा, हे सर्वांना कळले. तरीही ४ ऑगस्ट रोजी रॉदरहॅम व टॅमवर्थ येथे आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेला, आग लावण्याचे प्रयत्न झाले. खरे कळल्यावरही ताप उतरला नाही! आणि समजा, ते फिरणारे नाव खरे असते, तरी मशिदीत नमाज पढणाऱ्यांचा किंवा हॉटेलात राहणाऱ्या आश्रितांचा त्यात काय दोष होता? साप साप म्हणून भुई धोपटली, ती अशी.

हजाराहून अधिक लोकांना अटक झाली. त्यांत शाळकरी पोरे होती, तशी साठी उलटलेले आजोबाही होते. मूळ आरोपीला जानेवारी २०२५ मध्ये किमान ५२ वर्षांची कैद झाली.

शरीर काय करते?

भयंकर बातमी कानी पडताच मेंदूतला बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, रक्तदाब व रक्तातली साखर वाढते. समोर वाघ असेल तर हे फार उपयोगाचे. पळा किंवा लढा, एवढेच शरीराला कळते. पण विचार तोलून पाहणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग या गडबडीत मागे पडतो.

अशा वेळी मनाला ‘अजून माहीत नाही’ हे उत्तर सहन होत नाही. कुणीतरी बोट दाखवावे, म्हणजे भीतीला तोंड सापडते. भीतीचा राग होतो आणि रागात माणसाला क्षणभर बळ आल्यासारखे वाटते. त्यातून तीच गोष्ट चार ठिकाणी ऐकली की ती खरी वाटू लागते. मनाची ही खोड मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवून दिली आहे. चार जणांनी सांगितले म्हणजे चार पुरावे झाले, असे आपण धरतो. प्रत्यक्षात एकाच्याच मोबाईलवरून ते चौघांकडे गेलेले असते.

दुसरी गोष्ट नुसते पाहत बसण्याची. अमेरिकेत बोस्टन येथे १५ एप्रिल २०१३ रोजी मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर संशोधकांनी देशभरातील हजारो लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र मानसिक ताणाची लक्षणे घटनास्थळी हजर असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. घरी खुर्चीत बसलेला माणूस प्रत्यक्ष पाहणाऱ्यापेक्षा अधिक आजारी! यावरून दूरदर्शन संच आणि मोबाईल किती जपून वापरावा, हे ध्यानात यावे.

दंगलीत रुग्णांचे हाल

दंगलीतली डोकी फुटलेली माणसे सर्वांना दिसतात. न दिसणारे रुग्ण त्याहून जास्त असतात. इन्शुलिन संपले पण दुकान बंद आहे, डायलिसिसचा दिवस आहे पण रिक्षा नाही, बाळंतपणाची वेळ झाली पण रस्ता अडवलेला आहे. दम्याचा आणि हृदयाचा रुग्ण भीतीनेच निम्मा होतो.

ब्रिटनमध्येही हेच घडले. संडरलंड येथे तातडीच्या कामावर निघालेल्या फिलिपीन्सच्या दोन परिचारिकांवर दगडफेक झाली. ७ ऑगस्टला मोर्चांच्या धास्तीने काही ठिकाणचे दवाखाने लवकर बंद करावे लागले. तेथील सरकारी आरोग्यसेवेत भारतीय डॉक्टर व परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. आपल्या भागातल्या घरांतूनही त्या आठवड्यात तिकडे काळजीचे फोन गेले असतील. ६ ऑगस्टला भारतीय वकिलातीनेही तिकडे जाणाऱ्या प्रवाशांना सावध राहण्याची सूचना दिली होती. ज्यांच्या हाताने औषध मिळायचे त्यांनाच घराबाहेर पडण्याची भीती, हा कुठला न्याय?

हे परदेशातच घडते असे मात्र समजू नये. आपल्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. तेथे तर कुणाचे मूलही पळवले गेले नव्हते.

उपाय काय?

पहिला उपाय अधिकाऱ्यांच्या हाती आहे. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या गृहविषयक समितीने म्हटले की, अधिकृत माहिती अपुरी मिळाल्यामुळे पोकळी राहिली आणि तीत खोट्या बातम्या वाढल्या. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आम्ही काय सांगतो? ‘एवढे कळले आहे, एवढे कळायचे आहे, पुन्हा सहा वाजता येऊन सांगतो.’ एवढ्याने माणसे शांत बसतात. गावालाही तसेच सांगितले पाहिजे.

बाकीचे उपाय आपल्या हाती आहेत:

१. पहिले दोन दिवस ‘अजून माहीत नाही’ असे म्हणायला शिका. त्यात कमीपणा नाही.

२. कोणी नाव किंवा जात-धर्म सांगितला, तर विचारा : तुम्ही पाहिले का? तुम्हाला कोणी सांगितले? त्याला कोणी? दुसऱ्या प्रश्नालाच बहुधा साखळी तुटते.

३. ‘खरे आहे का हो?’ असे विचारण्यासाठीही तो मजकूर पुढे पाठवू नका. जखमींची छायाचित्रे तर मुळीच नकोत.

४. बातम्या दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी पाहा. झोपण्यापूर्वी नको.

५. तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दिसली की लहान मुलांना घटना रोज नव्याने घडते आहे असे वाटते. मूल बिछाना ओला करू लागले, पोटदुखीची तक्रार करून शाळा टाळू लागले, आईला चिकटून राहू लागले, तर रागावू नका. जवळ घ्या, खरे ते थोडक्यात सांगा, रोजचा दिनक्रम चालू ठेवा.

६. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा यांच्या रुग्णांनी निदान आठवड्याची औषधे घरात ठेवावीत. गल्लीत एकटे राहणारे म्हातारे कोण आहेत, याची चौकशी ठेवा.

७. छातीत दुखून घाम आला तर ‘भीतीने झाले असेल’ म्हणून घरी बसू नका. तडक रुग्णालय गाठा. महिनाभरानंतरही दचकून जाग येणे, तीच दृश्ये डोळ्यांपुढे येणे चालू राहिले, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

साउथपोर्टच्या दंगलीची दुसरी सकाळ मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गावातले गवंडी आणि इतर रहिवासी झाडू, थाप्या व विटा घेऊन मशिदीपाशी आले. त्यांनी रस्ता झाडला आणि पडलेली भिंत पुन्हा बांधायला घेतली. तीन मुलींच्या दुःखाने तेही खचलेलेच होते. पण ज्यांच्या गावात घटना घडली, त्यांनी हातात वीट घेतली ती भिंत बांधण्यासाठी.