एकाच डोक्यावर चालणारी दुकानदारी

व्यापारी बांधवांनो, कापडाची गोष्ट सोडून आज आम्ही संगणकावरच्या एका खेळाविषयी लिहीत आहोत. नवल वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे. गोष्ट आपल्याच गल्ल्याची आहे.

तळेगाव दाभाडे येथे आमचे कापडाचे दुकान आहे. हिशेबासाठी घेतलेल्या संगणकावर आमचा भाचा रात्री दुकान वाढवल्यावर 'स्टारक्राफ्ट' खेळत बसतो. एकदा आम्ही रागावलो, तेव्हा तो म्हणाला, "मामू, जरा बघा तरी. हे झर्ग. किडे बेशुमार, पण डोके एकच."

अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने हा खेळ ३१ मार्च १९९८ रोजी, म्हणजे नेमका आपल्या वर्षअखेरीच्या दिवशी, बाजारात आणला. दक्षिण कोरियात तर त्याचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले. त्यातील झर्ग ही परग्रहावरची जमात. काही अंड्यांतून दोन-दोन लढाऊ किडे निघतात. त्यांना स्वतःची मर्जी नाही. सर्वांच्या वर 'ओव्हरमाइंड' हे एक महाडोके, त्याच्या हाताखाली 'सेरेब्रेट' नावाचे मुनीम आणि प्रत्येक मुनीमाच्या ताब्यात एक टोळी. रजा नाही, पगारवाढ नाही, उलट उत्तर नाही. पाहून आमच्या मनात आले, असे नोकर मिळाले तर काय बरकत होईल!

पण पुढचा भाग ऐका. खेळाच्या कथेत झाझ नावाचा एक सेरेब्रेट मारला जातो. त्याबरोबर त्याची सगळी टोळी बेभान होऊन आपल्याच लोकांवर तुटून पडते, आणि झर्गांना स्वतःचीच ती टोळी नष्ट करावी लागते.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. चार वर्षांपूर्वी गणवेशाच्या हंगामात आम्ही वीस दिवस अंथरुणाला खिळून होतो. कोणाकडे किती उधारी, कोणत्या दलालाशी काय धारा ठरला, कोणत्या शाळेचे किती तागे तोंडी कबूल केले, हे सारे आमच्या डोक्यात. चोपडीत निम्मेही नव्हते. नोकर इमानदार होते, पण एकाने जुन्या भावाने माल विकला, दुसऱ्याने तोच माल पुन्हा मागवला. एका शाळेचे काम हातचे गेले. दोष नोकरांचा नव्हता. आम्ही त्यांना झर्ग करून ठेवले होते.

ही बाब आपल्या गावाला नवी नाही. ज्या दाभाडे सरसेनापतींच्या नावाने हे गाव ओळखले जाते, त्या घराण्याचे त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडले आणि फौजेची फळी फुटली. तरीही घराणे उभे राहिले, कारण त्यांच्या मातोश्री उमाबाईंना कारभाराची माहिती होती. पुढे त्या स्वतः गुजरातच्या स्वारीवर गेल्या.

झर्गांची कल्पना मधमाश्यांच्या पोळ्यावरून सुचावी अशी आहे, परंतु खरे पोळे असे चालत नाही. आपल्या मावळातील कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. लोक समजतात, राणीमाशी हुकूम सोडते. तसे नाही. राणीचे काम अंडी घालणे. फुले कोठे आहेत हे बाहेरून आलेल्या माश्या नाचून एकमेकींना सांगतात. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. राणी मेली तरी पोळे लगेच मोडत नाही. तीन दिवसांच्या आतल्या अळ्या निवडून कामकरी माश्या त्यांना खास खुराक देतात, आणि अंड्यापासून साधारण १६ दिवसांत नवी राणी तयार होते. अट एकच, पोळ्यात कोवळी अळी शिल्लक हवी.

आपल्या दुकानात अशी अळी आहे का? मुलगा, भाचा, जुना नोकर, कोणीही असो, त्याला भाव ठरवू द्या, दलालाशी बोलू द्या, तोंडी वायदा त्याच रात्री वहीत उतरवायला लावा. घरातील बायका-मुलींनाही खतावणी दाखवा. गरज पडली की त्याच कारभार सांभाळतात.

गेल्या हंगामात आम्ही भाच्याला खरेदीसाठी सुरतेला एकटे पाठवले. दोन ठिकाणी तो भावात फसून आला. मामूचा संताप अनावर झाला होता, पण आम्ही गिळला. ती रक्कम वहीत घाट्याच्या खात्यात लिहिली नाही, शिकवणीच्या खर्चात लिहिली. या हंगामात तो पुन्हा जाणार आहे. आम्ही फोन करणार नाही असे ठरवले आहे. बघू, कितपत जमते.