पत्र फाडले, तर सहपत्राचे काय होते?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही चहा घेत बसलो असता शेजारच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मागे त्यांची मुलगी, रडून डोळे सुजलेले. मावशी म्हणाल्या, "भाऊ, हिच्या जात पडताळणीचा कागद मोबाइलमधून गेला हो. पोरानं सगळं पुसून टाकलं!"

झाले होते असे की, फोनवर 'जागा भरली' अशी सूचना आली आणि धाकट्या भावाने जुने ई-मेल एका दमात काढून टाकले. त्यातच एका मेलला जात वैधता प्रमाणपत्र आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला होता. मूळ कागद गावी ट्रंकेत, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला चार दिवस उरलेले.

आम्ही विचारले, "किती दिवस झाले पुसून?"

"आठ-नऊ."

आमचा जीव भांड्यात पडला. जीमेलमध्ये काढून टाकलेला मेल लगेच नष्ट होत नाही. तो 'ट्रॅश' किंवा 'बिन' नावाच्या कचरापेटीत ३० दिवस पडून राहतो. ती उघडली, तर मेल जसाच्या तसा, दोन्ही कागद त्याच्यासोबत! तो परत इनबॉक्समध्ये आणला आणि पोरगी हसली. पेटी रिकामी केली असती किंवा ३० दिवस उलटले असते, तर मात्र आमचाही इलाज नव्हता.

आम्ही आयुष्यभर आवक-जावकच्या टेबलावर बसलेले कारकून. कचेरीत पत्राखाली 'सोबत : वरीलप्रमाणे' लिहून सहपत्रे टाचणीने लावतात. टाचणी काढली की कागद सुटा. ई-मेलचे तसे नाही. तेथे अटॅचमेंट पत्राच्या पोटातच शिवलेली असते. फोटो असो वा दाखला, संगणक त्याची अक्षरे-अंकांची लांबलचक माळ करून ती पत्राच्या मजकुरातच ओवतो. त्यामुळे तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतोही. ही पद्धत १९९२ साली ठरली. त्याच वर्षी ११ मार्चला अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ नॅथॅनियल बोरेन्स्टाइन यांनी आपल्या गायक मित्रांच्या चौकडीचा फोटो अशा रीतीने जोडून पाठवला होता. म्हणून पत्र गेले की सहपत्र गेले. पत्र ठेवून नुसती अटॅचमेंट काढण्याची सोय जीमेलमध्ये नाही. शिवाय एकाच विषयावरची उलटसुलट उत्तरे तेथे एका गठ्ठ्यात बांधलेली असतात. गठ्ठा उचलून टाकला की आतले सगळेच कागद जातात.

आणि गंमत पाहा, ज्या जागेसाठी भावाने हा उद्योग केला, ती जागा मोकळी झालीच नव्हती! कचरापेटीतला मेलही १५ जीबीच्या हिशेबात धरला जातो. त्याच १५ जीबीत ड्राइव्हवरच्या फायली आणि गुगल फोटोही येतात. हा साठा भरला की नवे मेल येणे बंद होते.

पण पत्र फाडल्याने त्याच्या नकला फाटत नाहीत. फोनवर डाउनलोड करून ठेवलेला दाखला मेल गेला तरी 'डाउनलोड्स'मध्ये राहतो. आपण दुसऱ्याला पाठवलेला कागद आपल्याकडून काढला तरी त्याच्या पेटीत राहतोच. २५ एमबीहून मोठी फाइल जीमेल अटॅचमेंट म्हणून पाठवत नाही, ती ड्राइव्हवर ठेवून नुसता पत्ता पाठवते. येथे प्रकार उलटा आहे. मेल काढला तरी फाइल ड्राइव्हवर शाबूत, मात्र धन्याने फाइलच काढली तर पाठवलेला मेल जागेवर असूनही पलीकडच्याच्या हाती काही लागत नाही.

आम्हाला खरी भीती वाटते ती झेरॉक्सच्या दुकानाची. आपली माणसे तेथील संगणकावर मेल उघडतात, आधार कार्डाची प्रिंट काढतात, मेल काढून टाकतात आणि निश्चिंत होऊन घरी येतात. प्रिंटसाठी उतरवून घेतलेली प्रत त्या संगणकावर तशीच असते! मागे आम्ही एका दुकानात आमचा कागद शोधत होतो, तर दहा-बारा अनोळखी घरांचे दाखले आणि बँकेची पासबुके समोर उघडी पडली. दुकानदार बिचारा कामात, त्याला कुठे आठवण! तेव्हापासून आम्ही प्रिंट झाली की त्याला सांगून आमची फाइल 'डाउनलोड्स'मधून काढतो, मग 'रिसायकल बिन'मधूनही काढतो आणि खात्यातून बाहेर पडूनच खुर्ची सोडतो. मागे रांगेतले लोक कुरकुरतात, त्यांना कुरकुरू द्यावे.

मावशींच्या मुलीने मंगळवारी अर्ज भरला. त्याआधी आम्ही दोन्ही कागद तिच्या फोनवर वेगळे उतरवून घेतले आणि एक प्रत तिच्या मामांना पाठवली. भावाला मात्र मावशींनी अजून फोनला हात लावू दिलेला नाही.