बोर्दोची कोवळी वाइन कशी पारखतात

फ्रान्सच्या बोर्दो भागात द्राक्षांची तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. पुढच्या वसंतात, वाइन ओकच्या पिंपांत मुरत असतानाच, व्यापारी आणि समीक्षक तिचे नमुने चाखून दर्जा ठरवतात. या पद्धतीला ‘आं प्रिमर’ म्हणतात.

पारख रंगापासून सुरू होते. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कडेची छटा दिसते: कोवळ्या लाल वाइनची कड जांभळट, जुन्या वाइनची विटकरी. मग पेला गोल फिरवून वास घेतात. काबर्ने सोव्हिन्यॉंला ब्लॅककरंटचा, मर्लोला आलुबुखारचा गंध असतो. व्हॅनिला आणि लवंगेचा वास ओककडून येतो.

त्यानंतर घोट तोंडात घोळवून थुंकतात, कारण एका दिवसात अनेक नमुने चाखायचे असतात. आंबटपणाने लाळ सुटते. साली-बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांशी बांधले जाते आणि कच्च्या आवळ्यासारखा तुरटपणा जाणवतो.

हवामानाचा ठसा चवीत उतरतो. 2021 मध्ये एप्रिलच्या हिमतुषाराने कोंब जळाले, पुढे केवडा रोग पसरला; वाइन हलकी आणि आंबटसर झाली. 2022 च्या उष्ण, कोरड्या हंगामात फळे लहान राहिली आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढले; वाइन गडद आणि दाट झाली.

तरीही केवळ दाटपणाला गुण मिळत नाहीत. फळाची चव, आंबटपणा, टॅनिन आणि अल्कोहोल यांचा तोल साधला असेल आणि घोटानंतर चव बराच वेळ रेंगाळत असेल, तर ती वाइन अनेक वर्षे मुरण्यास योग्य मानली जाते.