पुढून खटखट, स्टिअरिंगला थरथर? पार्ट बदलण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते बघा

बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो की क्रेटा, गावाकडच्या रस्त्यावर दोन-तीन पावसाळे काढले की बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या बाजूने खटखट सुरू होते. गाडी गॅरेजला जाते. आधी शॉकअप बदलतात, मग अलाइनमेंट, मग लिंक रॉड. हजारांनी पैसे जातात आणि आवाज तिथल्या तिथेच. पुष्कळदा कारण साधं असतं. आवाज कधी येतो हे मालकाने सांगितलेलं नसतं आणि घाईत मेस्त्रीनेही विचारलेलं नसतं.

खटखट आणि थरथर ही दुखणी वेगळी आहेत. खटखट म्हणजे कुठेतरी दोन भागांत ढिलाई आली. थरथर म्हणजे बहुतेक वेळा फिरणाऱ्या चाकाचं वजन किंवा आकार बिघडला. म्हणून दोन्हीचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

सगळ्यात आधी चाकाचे नट तपासा. पंक्चर काढून घाईत चाक बसवलेलं असेल, तर नट सैल राहून खटखट आणि थरथर दोन्ही होऊ शकतं. पान्याने नट समोरासमोर, म्हणजे एक सोडून त्याच्या समोरचा, असे कसायचे. 50-100 किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा बघायचे. याला एक रुपया लागत नाही, आणि हे न पाहिल्याने चाक निखळूही शकतं.

थरथर कधी येते?

80 ते 100 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि वेग कमी केला की थांबतं, तर आधी बॅलन्सिंगकडे बघा. त्याच्याही आधी रिमच्या आतल्या बाजूला डोकावून बघा. शेतातून, चिखलातून गाडी आली की काळी माती रिमच्या आत चिकटते आणि वाळून दगडासारखी होते. एवढ्या वजनानेही चाक डुगडुगतं. आत पाण्याचा जोरदार फवारा मारला की कित्येकदा काम तिथेच भागतं.

इथे एक मोठी गल्लत होते. थरथर आली की लोक अलाइनमेंट करून येतात. अलाइनमेंटने चाकांचा कोन सरळ होतो. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने खात असेल, तर तिचा उपयोग. थरथरीवर इलाज बॅलन्सिंगचा, ज्यात रिमला छोटी वजनं लावतात. दोन्हींची पावती एकाच दुकानात फाटते, म्हणून फरक लक्षात येत नाही.

बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर रिम वाकलेली किंवा टायर आतून सुटलेला असू शकतो. टायरवरून हळूच हात फिरवा, फुगवटा हाताला लागतो. असा टायर पुढे तर नकोच, स्टेपनीलाही नको. स्वस्तात जुने टायर घेणाऱ्यांनी टायरच्या बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे वाचावेत. 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला आहे.

फक्त ब्रेक मारतानाच स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर. स्टिअरिंग शांत आणि सीट थरथरते, तर मागची चाकं बघा. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा क्रॉसही बघून घ्या.

खटखटीचा माग

खराब रस्त्यावर हळू चालताना एकेक चाक खड्ड्यात गेलं की टकटक होते, पण स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की आवाज कमी होतो. हे लिंक रॉडचं लक्षण. हा पार्ट तुलनेने स्वस्त आहे आणि तो बदलल्यावर अलाइनमेंट लागत नाही. ब्रेक मारताना एकदा आणि पुन्हा निघताना एकदा ‘खट्ट’ होत असेल तर लोअर आर्मचे बुश. क्रेटासारख्या स्ट्रट असलेल्या गाडीत उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना आवाज येत असेल, तर स्ट्रटचं वरचं माउंट तपासायचं. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या किंवा फोर बाय फोर गाडीत पूर्ण वळण घेताना कटकट आली तर पुढचा ॲक्सल.

यात खरा धोका बॉल जॉइंटचा. तो सुटला तर चाक आडवं होतं आणि मग स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो. तपासायला गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. बोलेरोसारख्या गाडीत जॅक लोअर आर्मखाली घेऊन पुढचं चाक उचला. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

आता चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई लागली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिली तर बॉल जॉइंटचा. फक्त डावी-उजवी हलवल्यावर ढिलाई लागत असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचे सांधे. बॉल जॉइंटला खेळ असेल तर गाडी तालुक्यापर्यंत चालवत नेऊ नका. ट्रॅक्टरने टोचन करूनही फायदा नाही, कारण चाक त्याच सांध्यावर फिरत राहतं. मेस्त्रीलाच गाडीपाशी बोलवा.

काम झाल्यावर दोन गोष्टी बघायच्या. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. गाडी लटकत असतानाच कसले, तर रबर पिळलेलं राहतं आणि नवे बुशही लवकर फाटतात. टाय रॉड एंड किंवा लोअर आर्म बदललं असेल तर अलाइनमेंट मात्र करावीच लागते. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. तो हाताने हलवून बघा, नव्यापेक्षा सैल लागतो का.