रोवलेले केस गळतात तेव्हा

केशरोपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस गळू लागतात, आणि तेही नव्याने रोवलेलेच. उशीच्या अभ्र्यावर, अंघोळीनंतर पंचावर आखूड केस दिसतात. काहींच्या टोकाला पांढुरका ठिपका असतो. मूळच उपटून आलं, पैसा वाया गेला, असं वाटून माणूस हादरतो. बिदर, भालकी, औराद, आळंद, अफजलपूर भागातल्या माणसाची अडचण आणखी वेगळी. ज्याने केस रोवले तो सर्जन या वेळी शंभर-दीडशे किलोमीटर दूर असतो.

हा भाग १९५६ साली हैदराबाद राज्यातून निघून आजच्या कर्नाटकात आला, पण दवाखान्याची वाट बदलली नाही. बिदर-भालकीकडून मोठ्या उपचारासाठी आजही हैदराबाद गाठलं जातं, आळंद-अफजलपूरकडून सोलापूर. केशरोपणाला रुग्णालयात मुक्काम लागत नाही. जागा बधिर करून दिवसभरात काम उरकतं आणि माणूस त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. भरून येण्याचा सगळा काळ त्यामुळे गावात, घरात आणि बहुतेकदा लपूनछपून जातो. या काळाबद्दल जाहिरातींत जवळजवळ काहीच नसतं.

मुळात हे रोपण चालतं कसं? न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर पहिलं केशरोपण केलं आणि १९५९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. (जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्येच भाजलेल्या आणि व्रण पडलेल्या त्वचेवर असे केस लावले होते, पण युद्धाच्या धामधुमीत ते काम पश्चिमेपर्यंत पोहोचलं नाही.) केस नव्या जागी गेला तरी स्वभाव जुन्या जागेचाच ठेवतो, हे ओरेन्ट्राइख यांनी दाखवून दिलं. कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं डीएचटी या संप्रेरकामुळे वर्षागणिक लहान होत जातात. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं त्याला दाद देत नाहीत, म्हणून तिथले केस पुढे आणून लावले तर टिकतात. आज रूढ असलेल्या ‘एफयूई’ पद्धतीत जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पात्याने एक ते चार केसांचा पुंजका सुटा काढतात आणि बारीक छेदात बसवतात. त्या पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. एका बैठकीत असे दोन-तीन हजार ग्राफ्ट लावले जाणं नेहमीचं आहे, म्हणजे काढलेल्या आणि लावलेल्या जागा मिळून डोक्यावर त्याच्या दुप्पट बारीक जखमा झालेल्या असतात.

नव्या जागी बसलेल्या ग्राफ्टला सुरुवातीला रक्त मिळत नाही. भोवतालच्या पेशींतून पाझरणाऱ्या द्रवावर तो तग धरतो. दोन-तीन दिवसांत सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जाऊ लागतात, आणि पहिल्या आठवड्यातली सगळी पथ्यं याच एका घटनेसाठी असतात. अमेरिकी सर्जन बर्नस्टाइन आणि रॅसमन यांनी २००६ मध्ये ग्राफ्ट किती दिवसांत घट्ट होतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट बाहेर येत होता. खपली ओढली तर साधारण पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट तिच्याबरोबर निघत होता. नवव्या दिवसानंतर मात्र तो उपटला जाण्याचा धोका उरला नाही. खपली खाजवायची नाही, ती सांगितल्याप्रमाणे भिजवून आपसूक पडू द्यायची, या सूचनेमागे एवढं मोजमाप आहे. विडी-सिगारेट बंद ठेवायला सांगतात तेही यासाठीच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नेमक्या त्यांच्यावरच तर सगळी भिस्त असते.

आता गळण्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त जीव तिथेच टांगणीला लागतो. जागेवरून निघणं आणि काही काळ रक्ताविना राहणं, हा मुळाला बसलेला मोठा धक्का असतो. त्यामुळे ते वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातं आणि अंगावरचा केस सोडून देतं. टोकाचा पांढुरका ठिपका म्हणजे मूळ नव्हे, तर सुटलेल्या केसाचा केराटिनने बनलेला निर्जीव शेवट. रोज गळणाऱ्या निरोगी केसालाही तो असतो.

मग नवा केस येतो कुठून? केसाच्या तळाशी असलेल्या गाठीतच सारं बळ असतं, अशी समजूत बरीच वर्षं होती. १९९० मध्ये कोत्सारेलिस, सुन आणि लाव्हकर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मूळपेशींचा साठा तळाशी नसून वरच्या भागातल्या एका फुगवट्यात असतो, अंगावर काटा आणणारा बारीक स्नायू जिथे चिकटतो तिथे. तळाच्या भागाची करामतही कमी नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलिन जहोदा या संशोधकाच्या डोक्यातल्या केसांच्या तळचं आवरण त्यांच्या सहकारी आणि पत्नी अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हाताच्या त्वचेत बसवलं गेलं, आणि तिथे चक्क नवे केस उगवले. पुरुषाच्या पेशींनी स्त्रीच्या हातावर केस आणले होते, आणि तिच्या शरीराने ते नाकारले नव्हते. केसाच्या मुळाची स्वतःला पुन्हा घडवण्याची ताकद किती मोठी आहे, याचा याहून सुंदर पुरावा सापडणं कठीण. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात पंचावर दिसतो तो नुसता केस, त्याचं घर त्वचेखाली शाबूत असतं.

विश्रांती घेणारं मूळ जागं व्हायला सहसा तीन-चार महिने लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आधी विरळ, मऊ, कधी वाकडे केस येतात. सहा-सात महिन्यांत फरक दिसतो आणि पूर्ण चित्र वर्षभराने स्पष्ट होतं. लग्न ठरवून हैदराबाद गाठणाऱ्या तरुणांनी हा हिशेब आधीच मांडायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोकं शस्त्रक्रियेआधीपेक्षाही विरळ दिसू शकतं, कारण रोवलेल्यांच्या शेजारचे मूळचे केसही धक्क्याने तात्पुरते गळतात. वैशाखातल्या लग्नासाठी माघात केस रोवणं म्हणजे फोटोंसाठी नेमका सर्वांत वाईट दिवस निवडणं.

हवामानाचाही विचार हवा. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा सर्रास चाळिशी ओलांडतो. घाम, ऊन आणि ताजी त्वचा यांचं जमत नाही. उन्हाने नव्या जागेवर काळपट डाग राहू शकतात, म्हणून काही आठवडे थेट ऊन टाळायला सांगतात. थंडी बरी म्हणावी तर पौषाच्या सुमारास तुरीची रास चालू असते. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मळणीच्या दिवसांत तिचा भुसा अंगभर बसतो. शेतकऱ्याने रास उरकूनच तारीख घ्यावी हे उत्तम.

डोकं झाकायचं कशाने, हा इथला रोजचा प्रश्न. कुणाचा पटका, कुणाची टोपी, तर बिदरच्या नानक झिऱ्याच्या गुरुद्वारात जायचं तर रुमाल बांधावाच लागतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर स्वच्छ, सैल कापड चालतं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत गच्च गाठ आणि हेल्मेट नको, म्हणजे ओघानेच मोटारसायकलही नको. सततच्या ताणाने केस जातात हे तर वैद्यकात नोंदलेलंच आहे. केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांत दिसणाऱ्या अशा टकलावर भारतीय डॉक्टरांनी १९८९ मध्येच लिहिलं होतं. बिदरच्या झरणी नृसिंहाच्या गुहेत भाविक पाण्यातून चालत दर्शनाला जातात. ते दर्शन महिनाभर पुढे ढकललेलं बरं.

घरची माणसं प्रेमापोटी खोबरेल चोळायला, हळदीचा लेप लावायला पुढे होतात. खपल्या असेपर्यंत दोन्ही नको. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली खाजेची ट्यूब. तिच्यात बऱ्याचदा जोरकस स्टिरॉइड असतं आणि ते जंतुसंसर्ग झाकून वाढवतं.

कशाला घाबरू नये हेही माहीत हवं. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळ सुजतं, सूज पापण्यांपर्यंत उतरते. बधिर करण्यासाठी टोचलेला द्रव खाली ओघळतो, त्याचा हा परिणाम असतो आणि तो आपोआप जातो. पहिल्या रात्री उशा रचून डोकं उंच ठेवून झोपलं तर सूज कमी येते. मागच्या भागाचा बधिरपणा काही आठवडे टिकतो. महिन्या-दोन महिन्यांनी नव्या केसांच्या तोंडाशी पुटकुळ्या येतात. ताप, पू, वाढत जाणारी वेदना, त्वचा काळी पडणं, अंगावर गांधी उठून श्वास जड होणं, ही मात्र त्याच तासाला दवाखाना गाठायची लक्षणं. २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणाचा आणि २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. मुंबईतल्या प्रकरणात तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय होता आणि त्रास शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर वाढला होता.

अशा घटना क्वचित घडतात. पण घडतात तेव्हा जवळ कोण आहे यावर जीव अवलंबून राहतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं की हे काम रीतसर शिकलेल्या डॉक्टरनेच करावं. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असंही त्यात आहे. तरीही अनेक ठिकाणी डॉक्टर रेषा आखून निघून जातात आणि उरलेला दिवस तंत्रज्ञ काम करतात. गावी परतलेल्या रुग्णाच्या फोनला उत्तर देणाराही बहुधा तंत्रज्ञच असतो. ही पद्धत धोकादायक आहे आणि ती थांबायला हवी.

तोवर एक वाट जवळचीच आहे. बिदरचं ‘ब्रिम्स’, कलबुर्गीचं ‘जिम्स’ आणि १९६३ पासून चालणारं महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय, ही मोठी शिकवणारी रुग्णालयं बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतच आहेत. पुटकुळ्या, पू, न थांबणारी खाज घेऊन तिथल्या त्वचारोग विभागात जाण्यात लाजण्यासारखं काहीही नाही. अनेक तरुण केवळ ‘हसतील’ म्हणून जात नाहीत आणि साधा संसर्ग अंगावर काढतात. जाताना हातात कागद मात्र हवा. हैदराबाद किंवा सोलापूरहून निघण्याआधीच तो मागून घ्यावा. त्यावर किती ग्राफ्ट लावले, बधिर करायला कोणतं औषध वापरलं, गोळ्या कोणत्या आणि किती दिवसांच्या, कशाची अ‍ॅलर्जी आढळली, आणि सर्जनचा स्वतःचा फोन क्रमांक एवढं लिहिलेलं असावं. सोबत शस्त्रक्रियेच्या दिवशीचे डोक्याच्या पुढचे-मागचे फोटोही ठेवावेत, कारण भालकीत किंवा आळंदमध्ये बाराव्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरला तुलना करायला दुसरं काही नसतं.