मेंढरं मान खाली का घालतात?

"मेंढरासारखा मान खाली घालून काय चाललास?" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. ज्याला स्वतःचं डोकं नाही, त्याला आपण खुशाल मेंढरू म्हणून मोकळे होतो!

पण मे महिन्यात, भरदुपारी, एखादा कळप जरा थांबून पाहा. साऱ्या मेंढ्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. प्रत्येकीचं डोकं शेजारणीच्या पोटाखाली. वरून नुसत्या पाठीच पाठी दिसतात. हा काही वेडेपणा नाही, बरं का! जवळपास झाड नाही, म्हणून प्रत्येक मेंढी दुसरीच्या सावलीत आपलं डोकं सांभाळत असते. आणि डोकंच का? त्यात मोठी गंमत आहे. सांगतो.

पाणी पूर्वेला, मेंढ्या पश्चिमेला

पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे हे तालुके तुम्हाला ठाऊक असतील. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. भोरच्या डोंगरात नीरा नदी उगम पावते. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणंही याच भागात आहेत. नीरेचं पाणी कालव्यांतून पूर्वेला बारामती, इंदापूर, फलटण भागात जातं.

मेंढ्यांचा प्रवास मात्र बरोबर उलटा! पूर्वेकडच्या कोरड्या गावांमधले धनगर मेंढपाळ दसरा-दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघतात. कुणी भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत राहतं, कुणी वरंधा घाट उतरून कोकणात जातं. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरं. पाऊस तोंडावर आला की सगळे परत पूर्वेला, कारण सह्याद्रीतला धो धो पाऊस मेंढीला सोसत नाही. पायाला सतत ओल लागली की खूर कुजतात.

म्हणजे उन्हाळ्यातले तापलेले दिवस ही मंडळी वाटेवरच काढतात. मग प्रश्न असा, की अंगावर लोकरीचा कोट घातलेली मेंढी हे ऊन सोसते तरी कशी?

ताप १०२, तब्येत उत्तम!

तुम्हाला १०२ ताप आला तर आई शाळेत पाठवेल का? मुळीच नाही. पण मेंढीच्या शरीराचं नेहमीचं तापमानच तेवढं असतं. १०२ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३९ अंश सेल्सिअस. आपलं असतं ३७.

ही उष्णता येते कुठून? एक वाट बाहेरची: ऊन, तापलेली जमीन, गरम वारा. दुसरी वाट आतली. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या कप्प्याला कोटीपोट म्हणतात. तिथे अब्जावधी सूक्ष्म जीव चारा आंबवत असतात. गवताचा उकिरडा आतून कोमट लागतो ना? तसंच हे. म्हणजे मेंढी आपली चूल पोटातच घेऊन फिरते! थंडीत ही चूल बरी वाटते. मे महिन्यात तीच जड होते. त्यातून वाळलेलं, जाडंभरडं गवत पचवताना जास्त उष्णता निघते, आणि उन्हाळ्यात रानात तेच तर उरलेलं असतं.

चारा पचवणं, त्यातून ताकद मिळवणं, अंग वाढवणं, दूध तयार करणं, शरीरात चालणाऱ्या या सगळ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. ही उलाढाल जितकी जोरात, तितकी आतली उष्णता जास्त.

नाकातला कूलर

आपल्याला उकडलं की घाम येतो. घामाची वाफ होताना ती अंगातली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम घाम वाळला की सुमारे ५८० कॅलरी उष्णता गेलीच म्हणून समजा. मेंढीला घाम येतो, पण फार थोडा. म्हणून ती हे काम नाक, तोंड आणि श्वासावर सोपवते. याला धापणं म्हणतात. सावलीत निवांत बसलेली मेंढी मिनिटाला २०-३० श्वास घेते. ऊन वाढलं की तोच आकडा ८०, १०० असा चढतो, आणि फारच तापली तर २०० च्याही पुढे जातो. मग ती तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापू लागते.

आता डोक्याची गंमत ऐका. नाकाच्या ओल्या आतल्या कातडीवरून वारा गेला की तिथलं रक्त थंड होतं. हे थंड रक्त परतताना मेंदूच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याला भिजवून जातं. मेंदूकडे निघालेलं गरम रक्त या जाळ्यातूनच वर चढतं आणि वाटेत निवतं. अंग तापलं तरी मेंदू थोडा गारच! पण वरून डोक्यावर ऊन आणि समोर तापलेली हवा असेल तर हा कूलर किती पुरणार? म्हणून डोकं शेजारणीच्या पोटाखाली.

आणि लोकर? ती थंडीइतकीच उन्हालाही अडवते. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांच्या दाट लोकरीचं टोक उन्हात ८० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापलेलं शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. खाली कातडी मात्र त्याच्या निम्म्यावर! आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर काळी, विरळ आणि राठ. तिच्यात वारा खेळतो. तिचीच घोंगडी विणतात. मात्र ही लोकर चिंब भिजली की संरक्षण संपलं. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला, तेव्हा शेकडो मेंढ्या दगावल्या होत्या.

धापणं फुकट नसतं

सारखं धापायचं म्हणजे छातीच्या स्नायूंची मेहनत. मेहनतीतून पुन्हा उष्णता! शिवाय भराभर श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा तोल बिघडतो. अंगातलं पाणी जातं ते वेगळंच.

मग मेंढी आपली चूलच मंद करते. ती कमी खाते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चयापचयाची ज्योत मोठी-बारीक करते. तीही काम कमी करते. जीव वाचतो, पण किंमत पडते. वजन घटतं, दूध आटतं, गाभण मेंढीच्या पोटातलं कोकरू नीट पोसत नाही आणि हलकं जन्मतं. एवढं करूनही अंग ४२ अंशांवर चढलं, तर जिवावर बेततं.

राजस्थानात अविकानगर इथे १९६२ पासून 'केंद्रीय मेंढी व ऊन' संशोधन संस्था आहे. (हिंदीत ऊन म्हणजे लोकर, बरं का!) तिथे मालपुरा जातीच्या मेंढ्यांना उष्णता, अपुरा चारा आणि लांबची चाल हे त्रास कधी वेगवेगळे, कधी एकत्र देऊन पाहिलं. एकेका त्रासाशी मेंढी बऱ्यापैकी जुळवून घेते. पण तिन्ही एकदम आले की तिची शक्ती अपुरी पडते, असं दिसलं.

आता मेंढपाळाचं वेळापत्रक पाहा. पहाटे आणि सकाळी चराई. ऊन चढलं की झाडाखाली, पाण्याजवळ विसावा. उन्हं कलली की पुन्हा चराई. रात्री गार वाऱ्यात दिवसाची साठलेली उष्णता अंगातून निघून जाते. चाल, भूक आणि ऊन यांची गाठ पडू द्यायची नाही, हेच तर सूत्र! प्रयोगशाळेत न जाता पिढ्यान्‌पिढ्या शिकलेलं.

पण हे जमायला वाटेत झाड हवं, पाणी हवं, बसायला जागा हवी. पडीक रानांना कुंपणं पडली, माळांवर ऊस आणि बंगले आले, रस्ता रुंद करताना कडेची वडा-चिंचेची झाडं गेली. मग दुपारची सावली कुठून आणायची?

तुम्ही काय कराल?

सुटीत भोरकडे गाडीतून जाताना कळप आडवा आला, तर बाबांना सांगा, "हॉर्न नको, जरा थांबू या." भरदुपारी पळालेल्या मेंढीच्या अंगात स्नायूंची आणखी उष्णता भरते. कोरडं गाव असेल तर विहिरीचं, हौदाचं पाणी अडवू नका. रस्त्याकडेला वड लावा.

आणि एक प्रयोग. हाताच्या मागच्या बाजूला पाण्याचं बोट लावा आणि फुंकर घाला. गार वाटलं ना? तोच मेंढीचा कूलर! मग घड्याळ लावून एका मिनिटातले स्वतःचे श्वास मोजा. कळप दिसला की दुरूनच एखाद्या मेंढीच्या कुशीकडे पाहून तिचेही मोजा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दोन्ही आकडे वहीत लिहा. आणि दुपारी क्रिकेट खेळायला निघाल्यावर आई "डोक्यावर टोपी घाल, पाणी पिऊन जा" म्हणाली, तर मुकाट्यानं ऐका. मान खाली घालून ऐकलंत तरी चालेल!